अजबबंगल्यातून दिसलेले लंडन

मी लंडनला गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. दिवाळी अंकात लंडनवर लिहिणारा माणूस नुकताच विमानातून उतरलेला असतो, अशी वाचकांची समजूत असते. माझ्याजवळ पारपत्रसुद्धा नाही. मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेतली, भंडारा जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो आणि रात्री दिव्याखाली कादंबऱ्या लिहू लागलो. त्यांतल्या एका कादंबरीचा नायक लंडनला जातो आणि दोन प्रकरणे तेथे मुक्काम करतो. ती प्रकरणे मी पुलंच्या 'अपूर्वाई'च्या आणि एका जुन्या नकाशाच्या भरवशावर लिहिली. पुढे एका वाचकाचे पत्र आले, की तुमचा नायक टेम्स नदी जेथे ओलांडतो तेथे पूलच नाही. तेव्हापासून या शहराबद्दल मी जरा जपूनच असतो.

तरीही आज लिहायला बसलो त्याला कारण आमच्या शाळेची सहल. २०२५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. हे संग्रहालय १८६३ सालचे. पण 'मध्यवर्ती संग्रहालय' म्हटले तर आमच्याकडे कोणी ओळखणार नाही. त्याचे नाव अजबबंगला. लहानपणी मामाच्या बोटाला धरून मी तेथे पेंढा भरलेला वाघ पाहिला होता आणि घरी येऊन तो भिंतीवर कोळशाने काढल्याबद्दल मारही खाल्ला होता. माझ्या चित्रकलेचा श्रीगणेशा तो. आता चाळीस मुले घेऊन मी त्याच दारात उभा होतो.

रांग मोठी होती. काचेच्या पेटीपुढे पोचलो तेव्हा सातवीतला एक मुलगा पेटीला नाक लावून उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गुर्जी, हे खरंच महाराजांच्या हातातलं होय का?"

मी म्हणालो, "होय रे! नाही तर काय?"

"मंग वापस कायले धाडाचं?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी मास्तरांचे हुकमी वाक्य वापरले, "पुढे चला, मागे रांग आहे."

परतीच्या गाडीत मुले गाणी म्हणत होती आणि मी खिडकीबाहेर पाहत बसलो होतो. त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते ही गोष्ट निराळी. पण पहिल्या प्रश्नाचे मी जे उत्तर दिले, ते मला ठाऊक असूनही चुकीचे दिले होते. वाघनखांविषयीचा वाद मी वाचलेला होता. खुद्द लंडनच्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे, की हीच नखे १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांच्या हातात होती, असे सिद्ध करता येत नाही. ती ज्या पेटीत आली तिच्यावर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा आशय असा, की शिवाजीने ज्याने मोगल सरदाराला मारले ते हे शस्त्र असून, साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना ते पेशव्यांच्या प्रधानाने दिले. आता अफझलखान मोगल सरदार नव्हताच, तो आदिलशाहीचा. ही चूक आमच्या शाळेतले चौथीचे पोरसुद्धा करणार नाही. पेटीवर लिहिणाऱ्याला एवढेही माहीत नसेल, तर त्याच्या बाकीच्या सांगण्यावर भार किती टाकावा?

पण सिद्ध होत नाही म्हणजे खोटे ठरले असेही नाही. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यास होता. मराठ्यांचा इतिहास लिहिण्यासाठी त्याने तेथले दप्तर चाळले, माणसे गाठली, आणि १८२६ साली त्याचे तीन खंड प्रसिद्ध झाले. अशा माणसाला कोणी जुने शस्त्र भेट दिले असेल यात अशक्य काही नाही. 'असू शकेल, पण सांगता येत नाही' एवढेच खरे उत्तर होते. ते देण्याची हिंमत मला चाळीस मुलांपुढे आणि मागच्या रांगेतल्या दीडशे माणसांपुढे झाली नाही, हेही तितकेच खरे.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी एकच छंद घेऊन बसलो. लंडन पाहायला गेलेल्या मराठी माणसांनी तेथे काय पाहिले? आणि त्यांना कोणी काय म्हणून पाहिले?

पहिला मान हणमंतरावांचा. पेशवेपदासाठी धडपडणाऱ्या राघोबादादांनी १७८१ साली हा ब्राह्मण वकील मनुआर रतनजी नावाच्या पारशी गृहस्थांसह लंडनला पाठविला. त्या वेळी ब्रिटिश म्युझियम उघडून पुरी बावीस वर्षे झाली होती. प्रवेश फुकट, पण आधी लेखी अर्ज करायचा, मग तिकीट मिळणार आणि मग ठरल्या दिवशी हजर व्हायचे, असा थाट. सरकारी कचेरीतून दाखला काढलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. हणमंतरावांपुढचा प्रश्न मात्र म्युझियमचा नव्हता, स्वयंपाकाचा होता. सोवळे सांभाळून शिजवायचे कोठे? तेव्हा पार्लमेंटातील प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांनी बीकन्सफील्ड येथील आपल्या घराच्या बागेतले काचघर त्यांना मोकळे करून दिले. परदेशी रोपांना थंडी लागू नये म्हणून बांधलेल्या त्या काचेच्या खोलीत पेशव्यांच्या वकिलाचा भात शिजला! लंडनच्या साहेबांना याहून अजब प्रेक्षणीय स्थळ त्या वर्षी दुसरे मिळाले नसेल. हणमंतराव लंडन पाहायला गेले आणि लंडनने हणमंतरावांनाच पाहून घेतले.

परत आल्यावर समुद्र ओलांडल्याचा दोष निघाला. धर्मशास्त्र्यांनी खल केला आणि तोड काढली, की सोन्याची एक प्रतिमा करावी, तिच्यातून पार व्हावे आणि हा नवा जन्म मानावा. प्रवासखर्चात हाही खर्च धरावा लागे, ही गोष्ट आजच्या प्रवासी कंपन्यांनी ऐकण्यासारखी आहे.

दुसरे रंगो बापूजी गुप्ते, आणि यांच्यापाशी माझे मन सर्वांत जास्त रेंगाळले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत केले आणि काशीस नेऊन ठेवले. हे तेच प्रतापसिंह, ज्यांच्या दरबारी वीस वर्षांपूर्वी ग्रँट डफ रेसिडेंट होता. महाराजांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले ते १८५३ च्या अखेरीपर्यंत तेथेच राहिले. तेरा वर्षांहून अधिक काळ! माणूस नोकरीला लागतो आणि त्याचे पोर सातवीत जाते, एवढा हा काळ. १८४७ साली महाराज काशीस वारले, १८४८ साली डलहौसीने सातारा खालसा करून टाकले, तरी हा वकील हटला नाही. ज्याचे वकीलपत्र घेतले तो नाही, ज्या राज्यासाठी भांडायचे ते नाही, खिशात पैसा नाही, डोक्यावर मात्र कर्ज. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहून ठेवला आहे. तो मी पूर्वी वाचला होता, पण या वेळी नकाशा शेजारी ठेवून वाचला.

आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. रंगो बापूजींना ज्या दारात खेटे घालावे लागत, ती ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी लेडनहॉल स्ट्रीटवर होती. त्याच इमारतीत कंपनीचे ग्रंथालय आणि संग्रहालयही होते. हिंदुस्थानातून आणलेल्या चीजवस्तू तेथे मांडलेल्या होत्या, आणि सर्वांत लोकप्रिय होता टिपू सुलतानाचा लाकडी वाघ. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर तो हाती लागला आणि १८०८ पासून तेथे होता. वाघाखाली एक गोरा शिपाई आडवा पडलेला, वाघाच्या कुशीला एक दांडा. दांडा फिरविला की वाघ गुरगुरे आणि शिपाई कण्हे. येणारे-जाणारे लोक तो दांडा इतका फिरवीत, की ग्रंथालयात वाचणाऱ्यांना त्याचा उपद्रव होई. आता पाहा, वरच्या दिवाणखान्यात एका मराठी राज्याचा निकाल चालला आहे आणि त्याच छपराखाली दुसऱ्या एका राज्याचे खेळणे दांडा फिरवून करमणूक करीत आहे. रंगो बापूजींच्या कानांवर ती गुरगुर कधी पडली असेल का? कादंबरीकाराने येथे बेलाशक एक प्रकरण लिहावे. इतिहासाच्या लेखात मात्र मला येथेच थांबले पाहिजे.

१८५१ साली त्यांच्या डोळ्यांदेखत लंडनमध्ये जगातले पहिले मोठे प्रदर्शन भरले. हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काचेचा प्रचंड महाल उभारला आणि १ मे ते १५ ऑक्टोबर या साडेपाच महिन्यांत सुमारे साठ लाख भेटी झाल्या. पंजाबातून दोनच वर्षांपूर्वी घेतलेला कोहिनूर तेथे सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवला होता. गर्दी लोटली, पण लोक नाराज होऊन परतले. हिरा म्हणावा तसा चमकेना! तेव्हा पुढल्या वर्षी तो पुन्हा कापला आणि १८६ कॅरटांचा हिरा १०५ कॅरटांवर आणला. परक्या घरी गेलेल्या वस्तूला त्या घरच्या आवडीप्रमाणे झिजावे लागते, हे रंगो बापूजींच्या मनात आले असेल काय, हाही कादंबरीचाच विषय.

ते परतले तेव्हा इकडे नागपूरकर तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निवर्तले, आणि पुढल्या वर्षी नागपूरचे राज्यही त्याच डलहौसीने गिळले. आमचा भंडारा त्याच राज्यात. म्हणजे रंगो बापूजी तेरा वर्षे ज्या न्यायासाठी लंडनच्या पायऱ्या झिजवीत होते, तो मिळाला असता तर आमच्याही कामी येता. १८५७ च्या धामधुमीत त्यांचा मुलगा साताऱ्यास फासावर गेला आणि ते स्वतः असे नाहीसे झाले, की पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत.

त्या १८५१ च्या प्रदर्शनात नफा झाला, त्यातून दक्षिण केन्सिंग्टन भागात जमीन घेतली आणि १८५७ साली तेथे संग्रहालय उघडले. आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, वाघनखांचे घर, ते हेच. टिपूचा वाघही १८८० पासून तेथेच आहे. त्याचे पहिले प्रमुख हेन्री कोल यांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी दालनांतून गॅसचे दिवे लावले आणि संग्रहालय रात्री उघडे ठेवले. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या माणसाने संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात जाण्याऐवजी बायकोमुलांना घेऊन चित्रे पाहायला यावे, हा हेतू. लोक आलेही. मला हा साहेब फार आवडला. वस्तू कोणाच्या, कशा आणल्या, याचे भांडण मी सोडलेले नाही. पण दिवा लावून मजुराला आत बोलावणाऱ्याला नमस्कार केलाच पाहिजे. आमच्याकडची संग्रहालये नेमकी मजूर घरी येण्याच्या वेळेला कुलूप लावतात.

माझी भाची तिकडे एका इस्पितळात परिचारिका आहे. तिला मी फोनवर विचारले, तर म्हणाली, "मामा, अजूनही शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडे असते, आणि तिकीट नाही." ती माझी डोळ्यांची उसनवारी. कोहिनूर पाहायला टॉवरमध्ये गेली, तर तेथे राजमुकुटांपुढून जमीनच सरकते म्हणे! सरकत्या पट्ट्यावर उभे राहायचे, पट्टा तुम्हाला पुढे नेतो. थांबून पाहायची सोयच नाही. मला अजबबंगल्यातले माझे वाक्य आठवले. तेथे बोलायलासुद्धा माणूस लागत नाही, एवढाच फरक.

रात्रीच्या लंडनबद्दल मी तिला जरा भीतभीतच विचारले. मामाने भाचीला विचारायचा हा विषय नव्हे. पण तिने नाटकाचे सांगितले. अगाथा ख्रिस्तीचे 'माउसट्रॅप' १९५२ पासून चालू आहे. मध्ये महामारीत काही काळ बंद होते तेवढेच. शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात, की खुनी कोण हे बाहेर सांगू नका. मी तिला तीन वेळा विचारले, तिने सांगितले नाही. साडेसातला सुरू आणि दहाच्या सुमारास सगळे घरी! अहो, दहाला आमच्याकडे पेटीवाला स्वर लावत असतो. भाऊबीजेपासून आमच्या गावोगावी मंडई भरते, दंडारी नाचतात, आणि मग शिमग्यापर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. धान कापून झालेल्या बांधीत मंडप पडतो, अंगावर घोंगडे आणि मांडीवर झोपलेले पोर घेऊन बायामाणसे बसतात, आणि नायिकेचे लग्न लागते तोवर पूर्वेला तांबडे फुटलेले असते. भाचीला म्हटले, तुझ्या लंडनच्या लोकांना एकदा इकडे घेऊन ये, रात्र म्हणजे काय ते दाखवू.

पण लंडनमधील ज्या रात्री माझ्या मनातून जात नाहीत त्या निराळ्याच आहेत. १९२० साली भीमराव आंबेडकर नावाचा एकोणतीस वर्षांचा तरुण अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला पोचला. कीरांनी लिहिलेल्या चरित्रात त्याची दिनचर्या आहे. सकाळी घरमालकीण देई तो पावाचा तुकडा खाऊन निघायचे, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सगळ्यांच्या आधी शिरायचे आणि संध्याकाळी पहारेकऱ्याने उठविले की सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडायचे. १८५७ साली बांधलेले, १४० फूट व्यासाच्या घुमटाखालचे ते वाचनालय मार्क्सनेही वापरलेले. रात्री खोलीवर पुन्हा पुस्तके. भूक आवरेना तेव्हा ओळखीच्या गृहस्थाने दिलेले चार पापड भाजायचे, वर कपभर दूध. खोलीतला सोबती झोपायला सांगे, तर उत्तर मिळे की झोपायला आपल्याजवळ वेळ नाही आणि खायला पैसा नाही. सारे लंडन दिव्यांनी झगमगत असताना एका खिडकीत पापड भाजला जात आहे! त्या पापडांवर रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध उभा राहिला आणि १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

हेच बाबासाहेब १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीला आमच्या भंडाऱ्यातून उभे राहिले आणि आम्ही त्यांना पाडले. 'आम्ही' म्हणतो, कारण माझे आजोबा तेव्हा मतदार होते. मत कोणाला दिले हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. मी एकदा फार छेडले, तेव्हा अडकित्ता खाली ठेवून अंगणात निघून गेले. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत असलेले किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन त्यांचे स्मारक केले. भाचीने त्या दाराचे छायाचित्र पाठविले आहे. ते मी शाळेच्या फळ्याशेजारी लावले. भंडाऱ्याच्या पोरांनी ते रोज पाहावे असे मला वाटते. कारण विचाराल तर आजोबांचा अडकित्ता.

असो. उन्हाळ्याची सुटी संपली, शाळा उघडली. तो मुलगा आता आठवीत गेला होता. पहिल्याच तासाला मी वर्गापुढे उभे राहून सांगितले, की फेब्रुवारीत मी तुम्हाला जे ठासून सांगितले ते ठासून सांगण्यासारखे नव्हते. पेटीवरचा मजकूर, ग्रँट डफ, सगळे फळ्यावर लिहिले. ती नखे तीन वर्षांच्या बोलीने उसनी आणली आहेत, म्हणून परत पाठवायची, हेही सांगितले. वर्ग गप्प होता. मग तोच मुलगा उठला, "मंग तुमी तवा खोटं कायले बोलले गुर्जी?"

"भ्यालो," मी म्हणालो. दुसरे काही सुचले नाही. मुले हसली नाहीत, हे नवल.

ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली. नागपूरच्या गादीचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज्‌मध्ये लिलावाला निघाली होती. ती राज्य सरकारने सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईला पोचली. पाते सरळ, एकधारी, युरोपात घडविलेले; म्हणूनच त्याला 'फिरंग' म्हणतात. पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघूजींचे नाव आणि 'सेनासाहेबसुभा' हा किताब कोरलेला. पाते साहेबाचे, अक्षर आपले, आणि दोन्ही परत आणायला पैसे आपलेच! मी बातमीचे कात्रण वर्गात नेले आणि मुलांना तिचे चित्र काढायला दिले.

त्या मुलाने चित्र आणून टेबलावर ठेवले. मूठ छान जमली होती, पाते जरा वाकडे आले होते. "गुर्जी, हिले त वापस धाडा नाही लागत न?"

"नाही," मी म्हणालो, "ही विकत घेतली."

त्याने चित्राकडे पाहिले आणि विचारले, "आपलीच?" मी मान हलविली. पात्यावर त्याने पेन्सिलीने नाव घातले होते. 'सेनासाहेबसुभा'तला एक 'ब' गळला होता. तेवढा मी वर लिहून दिला.